प्रादेशिक भूल आणि तिचे पहिले विद्यार्थी

रुग्णाची शुद्ध न हरपता शरीराचा एखादाच भाग बधिर करून शस्त्रक्रिया करण्याची जी विद्या आज प्रादेशिक भूल या नावाने ओळखली जाते, तिचा पाया उमेदवारीच्या वयातील डॉक्टरांनी घातला आणि तिची कसोटी त्यांनी स्वतःच्याच देहावर पाहिली, ही गोष्ट वैद्यकाच्या दप्तरात ठळकपणे नमूद असावयास हवी.

१८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर या २६ वर्षांच्या डॉक्टरने प्राण्यांवर प्रयोग केल्यावर स्वतःच्या डोळ्यात कोकेनचे द्रावण घातले आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळास स्पर्श केला. स्पर्शाची जाणीवही उरली नव्हती. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यक परिषदेस जाण्याइतका पैसा पदरी नसल्यामुळे त्याचा निबंध तेथे दुसऱ्याने वाचला. लवकरच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड व त्याच्या मंडळींनी मज्जातंतूंलगत कोकेन टोचण्याचे प्रयोग परस्परांवर केले. त्या औषधाचे व्यसन हॉलस्टेडसह अनेकांस जडले.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये कील येथे ऑगस्ट बीअर याने आपल्याच पाठीच्या कण्यात कोकेन सोडण्यासाठी सुई टोचवून घेतली. परंतु पिचकारीचे तोंड सुईत नीट बसेना, कण्यातील द्रव वाहून गेला आणि प्रयोग फसला. तेव्हा त्याचा साहाय्यक हिल्डेब्रांट पुढे झाला. औषधाचा अंमल चढल्यावर त्याच्या नडगीवर हातोडीचे घाव घातले, पायास पेटती सिगार लावली, तरी त्याला वेदना झाली नाही. पुढे मात्र दोघांनाही तीव्र डोकेदुखीने ग्रासले आणि बीअरला नऊ दिवस अंथरुणास खिळून राहावे लागले.

एवढे मोल देऊन मिळालेले ज्ञान १९२२ साली गॅस्टन लॅबाटच्या ग्रंथात पद्धतशीर मांडले गेले. १९४३ साली लिडोकेन हे बधिर करणारे औषध तयार झाले. आणि १९९४ साली, पुन्हा व्हिएन्नातच, सोनोग्राफीच्या साहाय्याने खांद्याजवळील मज्जातंतूंचे जाळे पाहत भूल देण्याचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यास स्वतःचा देह पणास लावावा लागत नाही. सुईचे टोक कोठे पोहोचले हे तो पडद्यावर पाहू शकतो.

तथापि सुई टोचण्याचे कसब म्हणजे ही सारी विद्या नव्हे; शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमनही तिच्यातच येते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेकडे सोसण्याची बाब म्हणून पाहण्याचा शिरस्ता मोडण्यासाठी वेदनाशमनाची स्वतंत्र पथके निघाली. १९८८ साली सिॲटलच्या डॉक्टरांनी अशा पथकाची कैफियत प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या अध्यापकांना एवढीच विनंती, की शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या वेदनेची विचारपूस, नोंद आणि तजवीज केल्यावाचून कोणाही विद्यार्थ्यास पदवी देऊ नये.