कोपराचे शंभर अंश

कोपराचा चुरा झाला, ऑपरेशनमध्ये प्लेट-स्क्रू पडले, ड्रेसिंग हलकं झालं की फिजिओथेरपिस्ट कोनमापक काढतो. त्याचा खिळा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खांद्याच्या रोखाने, दुसरी मनगटाच्या. हात जमेल तेवढा सरळ करायचा, मग जमेल तेवढा दुमडायचा. काही महिन्यांनी केसपेपरवर ‘३० ते १३०’ असं उतरलं की डॉक्टरांचा चेहरा खुलतो. निरोगी कोपर तर १४० अंशांच्या आसपास वाकतं. मग तीस ते एकशेतीस या शंभर अंशांवरच समाधान का?

या शंभराचं मूळ गाव अमेरिकेतलं रॉचेस्टर. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी ३३ धडधाकट माणसांच्या हाताला विद्युत कोनमापक बांधून रोजची १५ कामं करून घेतली: जगमधून ओतणं, सुरीने कापणं, काट्याने खाणं, दार उघडणं, खुर्चीतून उठणं, बुटापर्यंत हात नेणं. १९८१ साली निष्कर्ष छापून आला. बहुतेक कामं ३० ते १३० अंशांत उरकतात. हात पालथा-उताणा करायला दोन्ही बाजूंना ५०-५० अंश पुरतात. टेलिफोन कानाला लावताना मात्र कोपर १३०च्या थोडं पुढे गेलं होतं.

हा आकडा रुजला, कारण सर्जनना त्याची निकड होती. प्लास्टरमध्ये आठवडेच्या आठवडे पडलेलं कोपर हटकून आखडतं. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ या सर्जनांच्या गटाने ‘हाड घट्ट बसवा, सांधा लवकर हलवा’ हा धडा घालून दिला होता. पण हलवून गाठायचं कुठवर? निखळलेलं कोपर, मोडलेलं रेडियसचं (अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं) डोकं आणि तुटलेला कोरोनॉइड (करंगळीच्या बाजूच्या हाडाचा पुढचा उंचवटा), या ज्या त्रिकुटाला सर्जन हॉचकिस यांनी ‘टेरिबल ट्रायड’ म्हटलं, त्यात पूर्ण १४० मिळण्याची आशा कोण धरणार? शंभर हे जमण्यासारखं होतं.

मग निरीक्षणाचे पासिंग मार्क झाले. मेयोच्याच गुणपत्रिकेत हालचालीला २० गुण आहेत आणि शंभर अंश ओलांडले की ते सगळे मिळतात. १०५ आणि १४० एकाच रांगेत. वेदनेला ४५, स्थैर्याला १०, आणि केस विंचरणं, जेवणं, स्वच्छता, शर्ट, बूट यांना प्रत्येकी ५.

माझ्या मते हे सर्जनच्या सोयीचं माप आहे. काट्याची लांबी तोंडापर्यंतचं थोडं अंतर वाचवते. वरणभाताचा घास ती सवलत देत नाही. २०११ साली नव्याने मोजलं तेव्हा मोबाइल कानाला लावायला १३०हून जास्त वाकणं लागलं आणि कीबोर्डवर हात ५०हून जास्त पालथा झाला. शिवाय पालथं-उताणं होण्याला त्या गुणपत्रिकेत स्वतंत्र गुणच नाहीत. देवळात तीर्थ घ्यायला तळहात वर वळत नसला, तरी त्यापायी तिथे एकही गुण कापला जात नाही. म्हणून जाणता फिजिओथेरपिस्ट पालथं आणि उताणं होण्याचे दोन आकडे वेगळे लिहून ठेवतो आणि पेशंटला विचारतो, ‘दिवसभर हाताने काय काय करता?’