रायसिन्याच्या टेकडीवरचा वाडा

दिल्लीस गेलेला मराठी माणूस लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो आणि राष्ट्रपतिभवनाचे दर्शन मात्र मोटारीच्या खिडकीतूनच घेऊन परततो. तेथे आत सोडतात हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आगाऊ नोंदणी करावी, ओळखपत्र जवळ बाळगावे, की ज्या दालनांत एकेकाळी व्हाइसरॉयांचे दरबार भरत, तेथे ठराविक दिवशी मुलाबाळांसह हिंडता येते.

जाताना एक गोष्ट मात्र अवश्य करावी. कर्तव्यपथावरून, म्हणजे पूर्वीच्या राजपथावरून, टेकडीकडे सरळ पाहत चालावे. दुरून डौलदार दिसणारा वाडा आपण जवळ जाऊ तसतसा जमिनीत बुडू लागतो; चढाच्या पायथ्याशी पोहोचावे, तो घुमट काय तो उरतो! हा दृष्टिभ्रम नव्हे. हे एका भांडणाचे स्मारक आहे. वाडा बांधला एड्विन लुटियन्सने, पुढची दोन सचिवालये हर्बर्ट बेकरने. दोघे जुने स्नेही. टेकडीचा माथा वाड्यालाच मिळावा हा पहिला बेत. पण बेकरने सचिवालयेही माथ्यावर आणली आणि वाड्याला मागे सरावे लागले. १९१३ साली लुटियन्सने या योजनेस स्वतः संमती दिली होती. चढ आपला घात करणार हे ध्यानी आल्यावर तो बदलावा म्हणून त्याने पुढे जंग जंग पछाडले. सरकारने खर्चाचे कारण दाखवून नकार दिला. स्नेह तुटला. प्रजेचे डोळे दिपावेत म्हणून उभारलेली इमारत नेमकी समोरूनच दिसेनाशी व्हावी, याची मला तरी थोडी मौज वाटते.

राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा पंचम जॉर्जने १२ डिसेंबर १९११ रोजी केली आणि वाड्याचे काम १९२९ साली पुरे झाले. ३४० खोल्या, ७० कोटी विटा, ३० लाख घनफूट दगड! मुख्य इमारतीचे कंत्राटदार हारून-अल-रशीद, पुढच्या आवाराचे सुजानसिंग व सोभासिंग हे पितापुत्र. ही नावे इतिहासात राहिली. विटा-दगड वाहणाऱ्यांची राहिली नाहीत.

लुटियन्सला हिंदी शिल्पाचे कौतुक बेताचेच. तरीही घुमटाला सांचीच्या स्तूपाचा आकार आला, छज्जे, छत्र्या आणि जाळ्या आल्या, हत्तीही आले. खांबांच्या माथ्यांवर कोपऱ्यांतून दगडी घंटा कोरल्या आहेत, त्या मुलांना जरूर दाखवा. घंटा वाजली की राजवंश बुडतो, अशी एक समजूत. म्हणून कधीच न वाजणाऱ्या घंटा घडविल्या, असे सांगतात.

वाड्यात पहिल्याने राहावयास आला तो लॉर्ड आयर्विन, १९२९ साली. १९३१ च्या फेब्रुवारीत गांधीजी नुकतेच तुरुंगातून सुटून त्याच्याशी बोलणी करण्यास आले. अंगावर तोच पंचा. हा माणूस बादशहाच्या प्रतिनिधीशी बरोबरीने बोलतो, याचा तिकडे चर्चिलला विलक्षण संताप आला. ५ मार्चला करार झाला. त्यानंतर इंग्रजांच्या वाट्याला हे घर किती वर्षे आले? पुरती सतराही नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी याच दरबार हॉलमध्ये झाला.

पण मग एवढ्या वाड्याचे करायचे काय? गांधीजींनी येथे रुग्णालय करावे असे सुचविले होते. ते घडले नाही, आणि त्याबद्दल खंत वाटणारे आजही आहेत. तथापि १९४८ च्या जूनमध्ये गव्हर्नर जनरल म्हणून राहावयास आलेल्या राजाजींनी जे केले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. व्हाइसरॉयची भव्य दालने त्यांना नकोशी वाटली. त्यांनी एका बाजूच्या लहान खोल्यांत बिऱ्हाड थाटले आणि अन्नटंचाईच्या त्या दिवसांत आवारातील काही जमीन नांगरून तेथे गहू पेरविला. राष्ट्रपतींनी राजाजींचाच पायंडा पाळला. २००७ ते २०१२ या काळात आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील येथे राहिल्या. व्हाइसरॉयचा महाल परदेशच्या राष्ट्रप्रमुखांसाठी अतिथिगृह झाला. घरधन्याने माजघरात निजावे आणि दिवाणखाना पाहुण्याला द्यावा, हे आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावे लागणार नाही.

दरबार हॉलला २०२४ पासून ‘गणतंत्र मंडप’ म्हणतात. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा येथेच झाली आणि राजेंद्रबाबूंनी शपथ घेतली. राष्ट्रपतींच्या आसनामागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती आहे. तिच्यासमोर क्षणभर थांबावे. मागची बाग, जिला २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, ती लोकांना खुली करण्याची प्रथा राजेंद्रबाबूंचीच. फुलांसाठी जायचे असेल, तर फेब्रुवारी-मार्चचा सुमार धरावा. दिल्लीची कडाक्याची थंडी तोवर ओसरलेली असते आणि गुलाब ऐन बहरात असतात.