वाळूच्या झोताचा इतिहास

नाशिकच्या द्वारका चौकांत पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा हमरस्त्यास मिळतो. अशा शहरांत जुनी मोटारसायकल घरीं सोडवून तिचा सांगाडा रंगविण्याची हौस असणें नवल नव्हे. परंतु गंजावर दिलेला रंग टिकत नाहीं. आधीं लोखंड स्वच्छ उघडें करावें लागतें.

त्यासाठीं वापरला जाणारा वाळूचा झोत ही अमेरिकेंतील बेंजामिन टिल्घमन यांची युक्ति. हवेच्या अगर वाफेच्या जोरानें वाळू मारून कठीण पदार्थ कोरण्याचें पेटंट त्यांनीं १८७० सालीं घेतलें. पुढें ओतकामाच्या कारखान्यांत तिचा प्रसार झाला. पण फुटलेल्या वाळूची सूक्ष्म धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साचून त्यांस सिलिकोसिस हा असाध्य रोग जडूं लागला. अखेर १९४९ च्या नियमांनीं ब्रिटननें कारखान्यांतील अशा सफाईंत वाळू वापरण्यास मनाई केली.

अंगणांत नळी हातीं धरणाऱ्यानें हा इतिहास ध्यानांत ठेवावा. नदीची वाळू फुकट मिळाली तरी ती झोतांत घालूं नये. गार्नेट किंवा पोलादी कणी घ्यावी. जुन्या रंगांत शिसेंही असूं शकतें, म्हणून धूळ रोखणारा चांगला मुखवटा चढवावा व मुलांस दूर ठेवावें. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक आधीं झांकावा. उघडें लोखंड दमट हवेंत लवकर गंजतें. यास्तव अस्तराचा रंग त्याच दिवशीं द्यावा.