साथ एकच, मरण मात्र वेगवेगळं

कोरोनाच्या काळात आपल्याकडच्या चहाटपऱ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू यायचं. "जंगलातल्या लोकांना काही होत नाही, त्यांची हवा शुद्ध." मंडळी, हवेवरच सगळं ठरत असतं तर जंगलांनी भरलेला मध्य प्रांत १९१८ साली वाचायला हवा होता.

तेव्हा आपला चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. (गडचिरोलीही चांद्यातच, वेगळी झाली १९८२ला.) जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत पोचला. पहिली लाट सौम्य, पण सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी जीवघेणी. देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता, बंगालमध्ये त्या मानाने फार कमी मेले.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. महायुद्धामुळे धान्य महागलेलं. अर्धपोटी अंगात ताप शिरला. घरातले सगळे एकदमच अंथरुणाला खिळले, तर पेज कोण करणार, पाणी कोण आणणार? बाया जास्त मेल्या, हे उगाच नाही. आजाऱ्यांचं करायचं त्यांनीच आणि जेवायचं सगळ्यात शेवटी.

मुंबईचे आकडे तर डोळे उघडणारे आहेत. हजारामागे मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९ आणि ज्यांना तेव्हाच्या कागदांत 'खालच्या जातीचे' म्हटलं, त्यांच्यात ६१.६! शहर एक, महिने तेच. विषाणू जात विचारत नाही हो, पण खोलीत किती माणसं झोपतात, हा प्रश्न जातीपाशीच येऊन थांबत होता.

त्या साथीत बहुतेकांचा जीव घेतला तो फ्लूनंतरच्या न्यूमोनियाने, आणि तेव्हा त्यावर औषध नव्हतं. औषध आलं तरी ते गावात लागतं, हे पुढे आपल्याच गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच माणसांना, सुइणींनाही, बाळांचे श्वास मोजायला आणि कोट्रायमॉक्झाझोल द्यायला शिकवलं. १९९०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या बाळांपैकी ०.८ टक्के दगावली, शेजारच्या तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. जंगल तेच, हवा तीच.

आजही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. पलीकडच्या गावांत आशाताईच्या पेटीत या घडीला कोणती औषधं आहेत, हे यंदा कुणी जाऊन पाहिलंय का?