गाडीला वॅक्स लावायचं तर हाताने की अॅप्लिकेटरने? वऱ्हाडातल्या उन्हात आणि धुळीत काय योग्य?

दसरा जवळ आला की अमरावती-अकोल्यात गाड्या धुणं, पुसणं, चमकवणं सुरू होतं. घरीच वॅक्स लावणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. वॅक्स बोटांनी लावावं की डबीसोबत मिळणाऱ्या गोल फोमच्या पॅडने, म्हणजे अॅप्लिकेटरने?

थोडक्यात उत्तर असं: बहुतेकांसाठी अॅप्लिकेटरच बरा. पण रंगाचं खरं नुकसान होतं ते धुळीवर घासल्याने आणि तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लावल्याने. या दोन चुका केल्या, तर हात असो की पॅड, फरक पडत नाही.

वॅक्स नेमकं काय करतं?

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांचा मारा आधी याच थरावर होतो. वॅक्स त्यावर आणखी एक पातळ, तात्पुरता थर देतं.

वॅक्स आणि पॉलिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड क्लिअर कोट किंचित घासून ओरखडे कमी करतं. साधं वॅक्स काही घासत नाही, फक्त थर देतं. त्यामुळे वॅक्स लावताना जोर लावायची गरजच नसते. मात्र ‘क्लीनर वॅक्स’ असं लिहिलेल्या डबीत घासणारे कण असू शकतात. ते वारंवार वापरू नये.

हाताने लावणाऱ्यांचं म्हणणं काय?

हाताची बाजू घेणारे दोन मुद्दे मांडतात. पहिला, हाताच्या उबेने वॅक्स वितळतं आणि छान पसरतं. हे अर्धंच खरं आहे. घट्ट वॅक्समध्ये वापरलं जाणारं कार्नौबा हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळतं आणि ते ८० अंशांच्या वर वितळतं. तळहात तेवढा गरम नसतो. उबेने मऊ होतं ते डबीतलं तेल आणि द्रावकांचं मिश्रण. काही वॅक्स त्यामुळे सहज पसरतात, पण तेच काम पॅडही करतो.

दुसरा मुद्दा मात्र भक्कम आहे. बोटाला खडा लगेच जाणवतो. पॅडखाली अडकलेला वाळूचा कण कळत नाही आणि तो पूर्ण दारावर गोल गोल फिरत राहतो.

तोटेही आहेत. बोटांच्या टोकांवर दाब जास्त पडतो, त्यामुळे कुठे जाड, कुठे पातळ असे पट्टे उमटतात. वॅक्सही जास्त लागतं. अंगठी, कडं किंवा घड्याळ रंगाला लागण्याची भीती असते. काही वॅक्समधल्या द्रावकांमुळे त्वचा कोरडी पडते.

अॅप्लिकेटर कुठे सरस ठरतो?

वॅक्सचा थर जितका पातळ तितका चांगला. जाड थर जास्त टिकत नाही. तो फक्त पुसायला जड जातो आणि पुसताना जास्त घासावं लागतं. फोमचा पॅड दाब सारखा वाटतो आणि थोड्या वॅक्समध्ये मोठा भाग व्यापतो. बोनेट, टप आणि दारं यांसाठी तोच सोयीचा.

दाराच्या मुठीची खाच, आरशाच्या कडा, नंबर प्लेटभोवतीची अरुंद जागा इथे पॅड जात नाही. तिथे बोटावर मऊ मायक्रोफायबर कापड गुंडाळून लावावं.

जुनं बनियन चालेल का?

कापसाच्या मुलखात फडक्याची कमतरता नाही, पण हे टाळलेलं बरं. बनियनची शिवण टणक असते आणि सपाट सुती कापडात धूळ पृष्ठभागावरच राहते. मायक्रोफायबरच्या लवीत ती काही प्रमाणात आत ओढली जाते. पॅड किंवा कापड जमिनीवर पडलं, तर झटकून पुन्हा वापरू नका. धुवा किंवा दुसरं घ्या.

वऱ्हाडात वेळ का महत्त्वाची?

मे महिन्यात अकोला आणि अमरावतीत पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. उघड्या उन्हात काळ्या गाडीचं बोनेट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. अशा पत्र्यावर वॅक्समधलं द्रावक लगेच उडून जातं, थर चिकटून बसतो आणि काढताना रंगावर ओरखडे येतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे किंवा सूर्य मावळून पत्रा निवल्यावर, सावलीतच काम करावं. बोनेटला तळहाताची मागची बाजू लावून पाहा. गरम लागलं तर थांबा.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. वॅक्स लावलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात. ते उन्हात वाळले की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कडी उरते. वॅक्स हे डाग थांबवत नाही. शक्य असेल तर शेवटचं पाणी गोडं वापरा आणि गाडी लगेच पुसून कोरडी करा.

लावायचं कसं?

१. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. कोरडं फडकं मारू नका. मग गाडीच्या शाम्पूने धुवा. शाम्पूची एक आणि कापड खंगाळायची एक, अशा दोन बादल्या ठेवा.

२. कोरड्या गाडीवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून हलकेच फिरवा. खरखर जाणवली तर कण अजून चिकटून आहेत. आधी डांबराचे ठिपके आणि असे कण काढा.

३. पॅडवर नाण्याएवढं वॅक्स घ्या. एका वेळी एकच भाग करा, आधी अर्धं बोनेट, मग उरलेलं. हात हलका ठेवा.

४. वॅक्स किती वेळ वाळू द्यायचं ते डबीवर लिहिलेलं असतं. खात्रीसाठी बोट ओढून पाहा. खाली स्वच्छ चकाकी दिसली तर पुसायची वेळ झाली. वॅक्स फरफटलं तर थोडं थांबा.

५. मायक्रोफायबर कापडाची चौपदरी घडी करून पुसा आणि बाजू बदलत राहा.

६. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात. मॅट रंगाच्या गाडीला साधं वॅक्स लावूच नये.

किती दिवस टिकतं?

कार्नौबा वॅक्स काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं, तर कृत्रिम सीलंट त्याहून जास्त. गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल तर दोन्हीचं आयुष्य घटतं. भांड्यांच्या साबणाने धुतल्यासही वॅक्स लवकर निघून जातं.

मग कोणी काय निवडावं?

पहिल्यांदाच लावत असाल, गाडी गडद रंगाची असेल किंवा द्रव वॅक्स असेल, तर अॅप्लिकेटर घ्या. घट्ट वॅक्स असेल, हाताचा सराव असेल आणि गाडी नीट धुतलेली असेल, तर हातानेही काम चांगलं होतं. फक्त अंगठी-घड्याळ काढून ठेवा. आणि गाडी नीट धुवायला वेळ किंवा पाणी नसेल, तर त्या दिवशी वॅक्स लावूच नका. वॅक्स नसलेली गाडी पुढच्या आठवड्यातही चमकवता येते. क्लिअर कोटवर पडलेला खोल ओरखडा मात्र कुठल्याच वॅक्सने भरून येत नाही.