पोटातले जंत गुळाने होत नाहीत, मातीतून येतात; वर्षातून दोनदा गोळी कशासाठी?

‘पोरगं गूळ-साखर लई खातंय, म्हणून जंत झालेत’ असं गावोगाव म्हणतात. पण गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. माणसाच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत पडतात आणि तिथून पुन्हा माणसाच्या पोटात जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १५० कोटी लोकांना असे जंत आहेत. ओलसर, उबदार मातीत अंडी टिकतात, म्हणून उष्ण प्रदेशात प्रमाण जास्त. त्यात उघड्यावर शौचाला बसणं असेल तर आणखी भर पडते.

जंत कसे शिरतात?

गोल जंत व चाबकासारखे जंत : यांची अंडी न धुतलेले हात, कच्ची भाजी, माती लागलेली फळं यांतून पोटात जातात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते.

आकडी जंत (हूकवर्म) : याच्या बारीक अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. त्यामुळे अंगातलं रक्त कमी होतं, थकवा येतो. शेतात अनवाणी राबणाऱ्या बायामाणसांना याचा धोका मोठा.

‘आमच्या पोराला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?’

जंत थोडे असले तर बाहेरून काहीच कळत नाही. वाढले की पोट दुखतं, भूक मंदावते, मूल अशक्त होतं, अभ्यासात मागं पडतं. म्हणून तपासणीची वाट न बघता १ ते १९ वर्षांच्या सगळ्याच मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या ठरलेल्या तारखा; कधी पुढे-मागे होतात, त्यामुळे अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारून घ्यावं.

गोळी कशी द्यावी?

- १ ते २ वर्षे : अर्धी गोळी, चुरा करून पाण्यातून.
- २ ते १९ वर्षे : एक गोळी, चावून, लहानांना चुरा करून.
- मूल आजारी असेल तर त्या दिवशी देऊ नये. राहिलेल्यांना नंतर मोफत मिळते.
- गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, ती बहुधा लवकर थांबते. त्रास वाढला तर आरोग्य केंद्रात न्यावं.

गोळीने पोटातले जंत मरतात, मातीतली अंडी मरत नाहीत. म्हणूनच गोळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शौचालय बांधून त्यात सरपण भरून ठेवलं तर उपयोग नाही. ते घरातल्या सगळ्यांनी वापरायला हवं. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं, भाजी धुऊन घेणं, रानात पायात चप्पल, एवढं पाळलं तर गोळीचा फायदा टिकतो.