अभिजनवाद

समाजातील मोजक्या लोकांना कुळ, संपत्ती, शिक्षण किंवा बुद्धी यांमुळे श्रेष्ठ मानून सत्ता, मान व साधने त्यांच्याच हाती असणे योग्य होय, असे समजणारी विचारसरणी किंवा वृत्ती म्हणजे अभिजनवाद. या संकल्पनेस इंग्रजीत 'एलिटिझम' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द बहुधा टीकेच्या सुरात वापरला जातो. स्वतःला अभिजनवादी म्हणवून घेणारे लोक विरळाच आढळतात.

व्युत्पत्ती
'एलीट' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. त्यामुळे 'निवडलेले' हा त्याचा मूळ अर्थ होय. संस्कृतात 'अभिजन' शब्दाचा अर्थ कुळ किंवा उच्च कुळातील जन्म असा आहे. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या मुळाशी निवड आहे, तर मराठी प्रतिशब्दाच्या मुळाशी जन्म. ही निवड खरोखर गुणांवरून होते की जन्मावरून, याच प्रश्नाभोवती अभिजनवादाविषयीचा बहुतेक वाद फिरतो.

'अभिजन' आणि 'अभिजात' या शब्दांत गल्लत होऊ नये. 'अभिजात' हा 'क्लासिकल'चा प्रतिशब्द आहे. केंद्र सरकारने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, तो या अर्थाने.

इंग्रजीतील वापर
'एलिटिझम'चा उच्चार करताना आघात 'लि' या अक्षरावर येतो. हे अगणनीय नाम असल्याने त्याचे अनेकवचन सहसा होत नाही व त्यापूर्वी 'ॲन' लावत नाहीत. आरोप सांगताना 'ऑफ' हे शब्दयोगी अव्यय येते: 'द क्लब वॉज अक्यूज्ड ऑफ एलिटिझम', म्हणजे त्या मंडळावर अभिजनवादाचा आरोप झाला. 'एलिटिस्ट' हा शब्द नाम व विशेषण अशा दोन्ही प्रकारे चालतो. 'एलीट' हे विशेषण मात्र निंदाव्यंजक असेलच असे नाही. 'एलीट ॲथलीट' म्हणजे अव्वल दर्जाचा खेळाडू.

जवळच्या अर्थाचे शब्द
'स्नॉबरी' म्हणजे बडेजाव मिरवून इतरांना तुच्छ लेखणे. हा व्यक्तीच्या वागण्याचा दोष आहे. अभिजनवादाचा संबंध मुख्यतः अधिकार व संधी यांच्या वाटपाशी येतो. 'मेरिटॉक्रसी' म्हणजे गुणवत्तेनुसार अधिकार देणारी व्यवस्था. 'इगॅलिटेरियनिझम' म्हणजे समतावाद, हा विरुद्धार्थी शब्द होय.

समाजशास्त्रातील अभिजन सिद्धांत ही निराळी गोष्ट आहे. विल्फ्रेदो पारेतो, गाएतानो मोस्का व रॉबर्ट मिशेल्स यांनी प्रत्येक समाजात सत्ता अल्पसंख्यांकडे कशी एकवटते, याची मांडणी केली. सी. राइट मिल्स यांनी 'द पॉवर एलीट' (1956) या ग्रंथात अमेरिकेतील अशा सत्ताधारी वर्गाची चिकित्सा केली. अशा सत्तेचे वर्णन करणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे.

महाराष्ट्रातील संदर्भ
एकोणिसाव्या शतकातील शिक्षणविषयक वाद हे अभिजनवादाचे ठळक उदाहरण आहे. वरच्या वर्गांना शिक्षण दिले म्हणजे ते आपोआप खालच्या थरांपर्यंत झिरपेल, असा एक विचार ब्रिटिश राजवटीत प्रभावी होता. मेकॉलेच्या 1835 च्या टिपणातही त्याचे प्रतिबिंब दिसते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या विचारावर आघात केला. सरकारी महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ प्रामुख्याने उच्चवर्णीयांना मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले. किमान 12 वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. मात्र सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा विरोध विद्येच्या उंचीला नव्हता, तर तिच्या बंद दारांना होता. पुढे 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम सुरू केला.

साहित्याच्या क्षेत्रातही हा प्रश्न उपस्थित झाला. 1885 मध्ये पुण्यातील मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुले यांनी पत्राने नाकारले. 1958 मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले.

भाषिक अभिजनवाद
एखाद्या बोलीला 'अशुद्ध' ठरवून ती बोलणाऱ्यास कमी लेखणे हा भाषिक अभिजनवाद होय. उदाहरणार्थ, भिवंडी परिसरातील विद्यार्थ्याला घरी बोलल्या जाणाऱ्या आगरी बोलीमुळे मंदबुद्धी समजणे हा त्याचाच प्रकार आहे. त्याच विद्यार्थ्यास प्रमाण मराठी किंवा इंग्रजी नीट शिकवणे, त्याच्याकडून चांगल्या लेखनाची अपेक्षा धरणे, हा मात्र अभिजनवाद नव्हे. दर्जाचा आग्रह धरताना तो दर्जा गाठण्याची वाट सर्वांना खुली आहे की नाही, हा या दोहोंतील भेद होय.

हे सुद्धा पहा
समतावाद
गुणवत्ताशाही
प्रमाण भाषा
हंटर आयोग